आधी खांड बुजवा, मग रस्त्याचं बघू

कोकणात सायकल म्हटलं की लोकांना आधी चढ आठवतात, आणि खरंच आहे ते, देवगड-वेंगुर्ल्याच्या बाजूला किनाऱ्याकिनाऱ्याने गेलात तर खाडी आली की उतार आणि खाडी ओलांडली की तेवढाच चढ, मांड्या इतक्या भरून येतात की समुद्राकडे बघायचं भान राहत नाही. पण आमच्या रायगडात एक कोकण असंही आहे जिथे सकाळी टाकलेला गिअर दुपारपर्यंत बदलावा लागत नाही. अलिबाग, पेण, उरण या तालुक्यांतला खारेपाट, म्हणजे बांध घालून खाडीचं खारं पाणी बाहेर अडवून पिकवलेली जमीन. धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना ताटासारखा सपाट पसरलेला, मध्ये भाताची शेतं, शेतांमध्ये बांध, आणि जरा उंचवट्यावर एकमेकांना चिकटून बसलेली घरं. इथे घाट नाही, वारा आहे. दुपारी पश्चिमेकडून खारा वारा सुटला की सपाट रस्त्यावर पण असं वाटतं कुणीतरी मागून कॅरिअर धरून ठेवलंय. जाताना वाऱ्याच्या तोंडावर आणि येताना वारा पाठीवर असं जमवून निघायचं, एवढं एक शहाणपण मला दोन-तीन वर्षांत आलंय.

माझं आजोळ पेझारीच्या पुढे, खाडीच्या अंगाला. मी राहतो पनवेलला. पनवेलवरून सायकल मारत आजोळी जायचं म्हणजे आधी मुंबई-गोवा हायवे आणि मग वडखळ पासून डंपर, एवढी हौस मला नाही, म्हणून मी सायकल गाडीच्या डिकीत घालून नेतो आणि मामाच्या ओट्यापासून सुरुवात करतो. हसा खुशाल. पण यातच मला जे म्हणायचंय त्याचं मूळ आहे. सायकल चालवायला गाडीतून जावं लागतं, कारण मोठा रस्ता सायकलचा राहिलेला नाही. आता गावातला छोटा रस्ता पण मोठा करायचं चाललंय.

मागच्या दिवाळीत मामाच्या गावात एकच विषय होता. आतला रस्ता रुंद होणार. कोण म्हणे दोन पदरी, कोण म्हणे त्याहून मोठा, कागद कुणीच बघितलेला नाही, पण आनंद मात्र सगळ्यांना. मी म्हटलं कशाला पाहिजे रुंद, आहे तो बरा आहे की, तर मामेभाऊ माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी लग्नात जेवण नको म्हणालो. "तुला काय जातंय, तू रविवारी येतोस, फोटो काढतोस, मावरा घेऊन पनवेलला जातोस." बरोबर आहे त्याचं. त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही म्हणून हे लिहितोय.

आधी हा रस्ता काय चीज आहे ते सांगतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, त्यातल्या रस्त्याचा डांबराचा पट्टा साधारण ३.७५ मीटर, वाहतूक अगदीच कमी असेल तर ३ मीटर. म्हणजे एक टेम्पो आणि बाजूला एक घाबरलेला माणूस. समोरून रिक्षा आली की दोघांपैकी एकाला चाक साइडपट्टीवर उतरवावंच लागतं, आणि त्या उतरण्यात एकमेकांची तोंडं दिसतात, "काय दादूस, कुठे" होतं. कोण कुणाच्या घरचा, कुणाकडे चाललाय, सगळं त्या उतरण्यात कळतं. सकाळी हायस्कूलच्या पोरी तीन-तीन सायकली लावून आडव्या गप्पा मारत जातात आणि मागे टेम्पोवाला हॉर्न न वाजवता दोन मिनिटं थांबतो, कारण त्यातली एक त्याची पुतणी असते. हा रस्ता अरुंद आहे म्हणून सुरक्षित आहे, माझं म्हणणं एवढं सोपं आहे. अरुंद रस्त्यावर वेग घेताच येत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा मार चौपट होतो हे आपण नववी-दहावीच्या विज्ञानात शिकलोय, आणि मग रस्ता रुंद करून वर "वाहने सावकाश चालवा" ची पाटी लावतो.

आणि या वेगाने जे दिसतं ते गाडीतून दिसत नाही. चिखलात निवटे उड्या मारत असतात, खांबाच्या तारेवर खंड्या बसलेला असतो, पाणी साचलेल्या खाचरात शेकाट्या लांब लाल पायांवर इकडून तिकडे. पण पक्षी सोडा. पक्षी बघायला लोक दुर्बीण घेऊन येतात आणि बघून जातात. मला दिसायला लागली ती उघडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उघडी म्हणजे बांधात बसवलेलं पाण्याचं दार. दगडी नाहीतर काँक्रीटचं नळ असतं, त्याला खाडीच्या बाजूने झडप. भरती आली की खाडीचं पाणी झडपेला बाहेरून रेटतं आणि ती आपोआप बंद होते, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी आतून रेटतं आणि ती उघडते. मोटर नाही, लाइट नाही, ऑपरेटर नाही. मी एकदा तिथे सायकल लावून अर्धा तास बसलो होतो, ओहोटी लागायची वाट बघत. आधी काहीच होत नाही. मग झडपेच्या कडेने पाण्याची एक बारीक धार, मग झडप बोटभर हलते, परत बसते, परत हलते, आणि मग एकदम भसकन पाणी सुटतं आणि खाली पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभा असलेला म्हातारा सावध होतो, कारण त्या पाण्याबरोबर कोळंबी येते, बोईट येतात, नशीब असेल तर जिताडं. जिताड्याची पिल्लं खाडीतून आणून शेताकडच्या तळ्यात वाढवायची आणि मोठं झालं की पाहुण्यांपुढे ठेवायचं, ही इथली श्रीमंती. त्या म्हाताऱ्याने मला विचारलं सायकल कितीची. मी खरी किंमत सांगितली. तो काहीच बोलला नाही, नुसता पाग झटकला.

पुढे बांधावरून जायला लागलो तर तोच म्हणाला, "बाला, तिकडनं नको जाऊस, पुढं खांड गेलीय."

खांड जाणं म्हणजे बांध फुटून त्याला वाट पडणं. उधाणाच्या भरतीला पाण्याचा जोर वाढतो, कुठेतरी चिंबोऱ्यांनी केलेलं बीळ असतं, कुठे माती खचलेली असते, पाणी तिथून शिरतं आणि दोन भरत्यांत बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडतं. मी गेलो तरीही, बघायला म्हणून. बांध चांगला चालला होता, वर मुरूम, दोन्ही बाजूला गवत, आणि मग एकदम संपला. पलीकडे पन्नासेक पावलांवर परत सुरू. मधून खाडी आत-बाहेर करत होती, आणि आतल्या बाजूला जिथवर नजर जाईल तिथवर तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं, गुडघ्याएवढी, एकसारखी, जशी काही कुणी लावणी केलीय. बघणाऱ्याला वाटेल वा, काय निसर्ग. मला पण क्षणभर वाटलं. घरी येऊन मामाला फोटो दाखवला तर म्हणाला ते अमक्याचं शेत, त्याच्या सात-बाऱ्यावर अजून भात आहे.

आता नीट बघा काय होतं. एकदा शेतात खारं पाणी शिरलं की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात, तेही बांध लगेच बांधला तर. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा खार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, पण जात खार सोसते, रोजची भरती नाही सोसत. खांड दोन-तीन वर्षं तशीच राहिली की तिवर उगवतात. तिवर उगवले की ते तोडता येत नाहीत, मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांबद्दल कडक निकाल दिलाय, आणि किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत तर सरळ लिहिलंय की बांधाच्या आत खारं पाणी शिरून उगवलेली कांदळवनं सुद्धा सगळ्यात कडक वर्गात धरायची. कांदळवन वाचलंच पाहिजे, त्यात माझं काही दुमत नाही. पण इथे शेतकऱ्याने काहीच केलेलं नसतं. बांध दुसऱ्याच्या ताब्यातला, तो फुटला, दुरुस्त झाला नाही, आणि शेत शेत राहिलं नाही. मग कुणीतरी पांढऱ्या गाडीतून येतो आणि म्हणतो, काका, पडीकच आहे ना, काय करणार आहात ठेवून. खारेपाटातली जमीन अशी विकली जाते. सौदा व्हायच्या चार-पाच वर्षं आधी खांड पडलेली असते, आणि ती मोठ्या रस्त्यावरून दिसत नाही.

बांध दुसऱ्याच्या ताब्यातला म्हणजे कुणाच्या, तर पूर्वी शिलोत्रीदार असायचे, त्यांनी बांध घालायचा, राखायचा आणि त्याच्या बदल्यात शेतकऱ्याच्या पिकातला हिस्सा घ्यायचा. ही काही रामराज्याची गोष्ट नाही सांगत मी, हिस्सा घेणारे कसे घ्यायचे ते या भागाला चांगलं ठाऊक आहे. पेझारी पासून जवळच चरी आहे. तिथून १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, शेतं कसायचीच बंद केली, आणि तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं भात लावला नाही लोकांनी. कुळकायद्याची वाट त्या संपाने मोकळी केली. पण जमीन कसणाऱ्याची झाली तशी बांधाची जबाबदारी कुणाची हा प्रश्न उघडा पडला, कारण एकट्या शेतकऱ्याला आपल्या शेतापुरता बांध राखून उपयोग नसतो, शेजाऱ्याचा फुटला तरी पाणी आपल्याकडे येणारच. आधी १९४८ चा खार जमिनींचा कायदा आला, मग १९७९ चा खारभूमी विकास कायदा, आणि बांध सरकारकडे गेले. पूर्वी उधाणाच्या आधी घरटी माणूस फावडं घेऊन बांधावर जायचा असं आजी सांगायची. आता घरटी माणूस अर्ज घेऊन जातो.

म्हणजे ज्या गावांनी सहा वर्षं उपाशी राहून जमीन मिळवली, ती जमीन आता एका भगदाडातून चाललीय, आणि चर्चा मात्र रस्त्याची.

रस्त्याच्या चर्चेमागे काय आहे हे न कळण्याइतकं कुणी दूधखुळं नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, शिवडीवरून चिर्ल्याला वीसेक मिनिटांत माणूस येतो. (सायकलला आणि मोटरसायकलला त्यावर बंदी आहे, हे जाता जाता.) त्याच वर्षी उरण, पनवेल, पेण तालुक्यांतली १२४ गावं नव्या शहरासाठी एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाकडे दिली, तिसरी मुंबई म्हणतात ती. रेवस-करंजा पूल व्हायचाय, रेवस-रेड्डी सागरी महामार्ग मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय तो आता खरंच हलायला लागलाय. मोठे रस्ते होणार, त्यांना अडवायची ना माझी ताकद ना इच्छा, मामेभावाला मुंबईत नोकरीला जायला यायला त्याचा उपयोगच आहे. पण मोठा रस्ता झाला म्हणून त्याला मिळणारा प्रत्येक छोटा रस्ता मोठा झाला पाहिजे असं कुठे लिहिलंय? गावातल्या घराघरापर्यंत दोन पदरी रस्ता गावासाठी नसतो, तो गावातून पलीकडे जाणाऱ्यासाठी असतो. भरावाचे डंपर त्या रस्त्याने येतात, आणि ते काय भरायला येतात हे पण सांगायला नको.

आणि इथे कायद्याची एक गंमत आहे. गंमत म्हणजे हसू येईल अशी नाही. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे नियम २०१७ साली आले, त्यात पाणथळ जागेच्या व्याख्येतून भातशेती वगळली आहे, मिठागरं वगळली आहेत. म्हणजे नांदूर मध्यमेश्वर पाणथळ, ठाण्याची खाडी पाणथळ, दोन्ही जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत, फारच चांगलं. पण खारेपाट, जिथे वर्षातले चार महिने पोटरीभर पाणी असतं, बगळे असतात, मासे असतात, मुठे असतात, तो कागदावर पाणथळ नाही कारण तिथे माणसं भात पिकवतात. तिवर उगवले की संरक्षण, भात असेल तर काहीच नाही. मग शेतकऱ्याला वाटणारच की हा निसर्गवाल्यांचा आणि बिल्डरांचा दोघांचा मिळून खेळ आहे. मी निसर्गवाल्यांच्या बाजूचा आहे, तरी म्हणतो, त्याचं चुकत नाही.

आता माझ्या विरुद्धचे मुद्दे, कारण मामेभाऊ हे वाचणार आहे. पहिला अँब्युलन्स. गरोदर बाईला रात्री न्यायचं तर रस्ता हवा, मान्य, शंभर टक्के. पण अँब्युलन्स अडते ती खड्ड्यात आणि पावसाळ्यात रस्त्यावर चढलेल्या पाण्यात, ३.७५ मीटरच्या चांगल्या डांबरावर ती अडत नाही. दर दोनेकशे मीटरवर गाडी बाजूला घ्यायला जागा ठेवा, झालं. दुसरा मुद्दा पाणी. तो रस्त्याच्या बाजूचा नाही पण लोक एका दमात बोलतात, रस्ता पण नको, पाणी पण नाही, आम्ही काय म्युझियममध्ये राहायचं? चारी बाजूला पाणी आणि उन्हाळ्यात प्यायला टँकर, हे खारेपाटाचं जुनं दुखणं, आणि हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला मी शेकाट्याबद्दल सांगायला गेलो तर ती हंडा माझ्या डोक्यात घालेल. घालावाच. पण म्हणूनच म्हणतोय, पैसा आधी कुठे जातोय ते बघा.

तिसरा मुद्दा माझ्यासारख्यांकडूनच येतो आणि त्याची मला जास्त भीती वाटते. सायकल टुरिझम. बांधावर पेव्हर ब्लॉक, निळा पट्टा, "आय लव्ह खारेपाट" चा लाइटवाला बोर्ड, सेल्फी पॉइंट, बाजूला मिसळ. अहो बांध आहे तो. त्याचं पहिलं काम समुद्र बाहेर ठेवणं आहे. किनारा नियमनात सुद्धा १९९१ च्या आधीचा बांध असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशीच धरतात, म्हणजे जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे कायदा सुद्धा त्या मातीच्या ढिगाऱ्याला विचारतो. त्याच्यावर टाइल्स बसवून तो मजबूत होत नाही. त्याला माती पाहिजे, बाहेरून दगडाचं पिचिंग पाहिजे, उघडीच्या झडपा पाहिजेत, आणि वर मुरूम पाहिजे, जेणेकरून दुरुस्तीचा ट्रॅक्टर टोकापर्यंत जाईल. ज्या बांधावरून ट्रॅक्टर जातो त्यावरून सायकल जातेच, वेगळं काही करायला नको. पोरी शाळेला जातील, कोळीण मावरा घेऊन जाईल, आणि रविवारी माझ्यासारखे चार जण हेल्मेट घालून जातील. आणि रोज लोकांची ये-जा असली की बीळ मोठं व्हायच्या आत कुणाच्या तरी नजरेला पडतं. बंद पडलेल्या वाटेवरची खांड फुटल्यावरच कळते.

मला काय पाहिजे विचाराल तर फार काही नाही. गावाच्या आतले रस्ते आहेत तेवढ्याच रुंदीचे ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर नीट डांबर टाका. जड गाड्यांना बंदी करा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये तो अधिकार आहे, वेगमर्यादा घालायचा कलम ११२ मध्ये आहे, नवीन कायदा करायची गरज नाही. आणि रुंदीकरणाला जो पैसा काढाल त्यातून आधी बांधांची मोजणी करा, कुठे खांड आहे, कधीपासून आहे, कुणाचं किती क्षेत्र बुडालंय, त्याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. ही यादी करायला कन्सल्टंट पण नको. दोन सायकली आणि एक ओहोटी पुरे, मी स्वतः येतो, मामेभावाला घेऊन, त्याची पण सायकल माळ्यावर पडलीय, ट्यूब बदलली की चालेल.

जमिनी विकून मोठ्या झालेल्या रस्त्याला हो म्हणायचं की नाही हा शेवटी गावाचा निर्णय, आणि या भागाला निर्णय घेता येत नाही असं कुणी म्हणू नये. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांनी सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही यावर रांगा लावून मतदान केलं होतं, आणि तो सेझ पुढे बारगळला. तेव्हा एवढ्या मोठ्या कंपनीचं भांडवल समजलं लोकांना, तर स्वतःच्या दारातल्या रस्त्याची रुंदी समजणार नाही?

एक मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असं ठरलंय. मामेभाऊ अजून रुंद रस्त्याच्याच बाजूचा आहे, जेवताना परत वाद झाला, मामी म्हणाली आधी जेवा. मामा मात्र इतका वेळ गप्प होता. हात धुताना म्हणाला, रस्त्याचं तुम्ही दोघं बघा काय ते, अमावास्येच्या उधाणाला आठ दिवस राहिलेत आणि खालच्या उघडीची झडप अर्धीच लागतेय, कुणी तरी टॉर्च घेऊन माझ्याबरोबर चला.